स्थळ शोधावे कोठे?

बुऱ्हाणपूरच्या आसपासच्या खेड्यांत आपल्या लोकांची घरे थोडी, आणि तीही एकमेकांपासून दूर. मुलगी लग्नाची झाली की भुसावळची मावशी, खंडव्याची आत्या यांच्या कानी गोष्ट घालावयाची, सणाच्या मिस्सेनंतर देवळाच्या अंगणात वडीलधाऱ्यांनी दोन नावे सुचवावयाची, ही आपली जुनी रीत. आता नातलग शहरोशहरी पांगले. ओळखीच्या घरांत जोगते स्थळ उरले नाही, असे आईबाप वरचेवर म्हणतात, आणि हात आपसूक मोबाईलकडे जातो. तेथे दोन दारे उघडी आहेत: एक विवाह जुळविणाऱ्या संकेतस्थळांचे, दुसरे डेटिंग अॅपचे. यांतले कोणते ठोठवावे?

विवाहाची संकेतस्थळे आपल्या देशात गेल्या शतकाच्या अखेरीस निघाली. ‘शादी डॉट कॉम’चा आरंभ १९९६ सालचा. तेथे वय, शिक्षण, नोकरी, मातृभाषा, धर्म व पंथ यांवरून निवड करता येते. ही स्थळे केवळ विवाहासाठी आहेत, डेटिंगसाठी नव्हेत, असे त्यांवर स्पष्ट नमूद करावे, अशी सूचना केंद्र सरकारने जून २०१६ मध्ये काढली. अॅपची तऱ्हा निराळी. २०१२ साली अमेरिकेत निघालेल्या ‘टिंडर’वर जवळपासच्या माणसांची छायाचित्रे एकामागून एक येतात. आवडले तर उजवीकडे सारावयाचे, नावडले तर डावीकडे. दोघांनी एकमेकांस पसंत केले की बोलणे सुरू. तेथे कोणी लग्नाच्या हेतूने येतो, कोणी मैत्रीसाठी, कोणी निव्वळ वेळ घालविण्यासाठी. ज्याला संसार थाटावयाचा आहे, त्याने हेतू उघड सांगणाऱ्या दाराशी जावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

परंतु संकेतस्थळही निर्दोष नाही. पुष्कळदा मुलीच्या नावे बापच माहिती भरतो, बापच उत्तरे धाडतो, आणि मुलीस कळते ते बोलणी पुरी झाल्यावर. अॅपवर निदान मुलगा-मुलगी स्वतः बोलतात, एवढे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ती संमती दुसरा कोणीही त्यांच्या वतीने देऊ शकत नाही, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे १०५७ वे कलम सांगते. तसेच पगाराचा आकडा पाहून हुंड्याची भाषा करणाऱ्यांनी १९६१ चा हुंडाबंदी कायदा आठवावा. देणे व घेणे दोन्ही गुन्हेच.

खरा धोका पुढे आहे. परदेशी नोकरी असल्याचे सांगून कोणी गोड बोलतो. मग भेटवस्तू जकातीत अडकली म्हणून पैसे मागतो. पैसे पोचले की मनुष्य नाहीसा! असे घडल्यास लाजून गप्प न बसता १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. याहून मोठी फसवणूक म्हणजे आधीचे लग्न लपविणे. येथे एक जुनी वही उपयोगी पडते. कॅथॉलिक व्यक्तीचे लग्न देवळात लागले की त्याची नोंद तिच्या बाप्तिस्म्याच्या वहीत करावी, असा नियम आहे. म्हणून स्थळ दूरचे असल्यास बाप्तिस्म्याचा नव्याने काढलेला दाखला मागवावा, आणि आपल्या धर्मगुरूंकरवी तेथील धर्मगुरूंना विचारणा करावी. विवाहास एखादी अडचण आहे, हे ज्याला ठाऊक असेल त्याने ती लग्नापूर्वी कळविलीच पाहिजे, असे १०६९ वे कलम सर्व भाविकांस बजावते. संसारास गंभीर बाध येईल अशी गोष्ट मुद्दाम लपवून संमती मिळविली, तर तो विवाह मुळातच ठरत नाही, असे १९८३ च्या संहितेतील १०९८ वे कलम आहे. पण निवाडा होईपर्यंत मुलीची किती वर्षे जातात, याचा विचार आधी करावा.

आईबापांनो, मोबाईल हिसकावून घेतल्याने मुले अधिकच लपवू लागतात. त्यांच्याजवळ बसा, माहिती एकत्र भरा, भेट घडवायची ती चारचौघांत वा घरी घडवा. आणि मुलांनो, जे नाते आईला सांगता येत नाही, त्याचा पुनर्विचार करा. दार कोणतेही असो, आत शिरण्यापूर्वी घर कोणाचे आहे हे विचारून घ्यावे. आणि शेवटचा ‘होय’ मात्र ज्याचा त्यानेच म्हणावा.