मोडी वाचता येते, फाइल उघडत नाही

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यात वारले. पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं आणि त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या दप्तरांना घर मिळालं. शतकांपूर्वीचे मोडी कागद आजही, मोडी शिकलेल्या कोणालाही वाचता येतात.

आता धुळ्यातल्या किंवा जळगावातल्या एखाद्या डीटीपी केंद्रात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी टाइप केलेली स्मरणिका उघडून पाहावी. तेव्हाचा फॉन्ट संगणकावर नसेल, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची नुसती गिचमिड दिसते. त्या काळी प्रत्येक कंपनीने मराठी अक्षरांना आपापले संकेत दिले होते. मजकूर संस्थेचा, पण तो वाचण्याची किल्ली कंपनीकडे! पुढे सगळ्यांसाठी एकच संकेत ठरवणारं युनिकोड रुळलं, तेव्हा हा गुंता सुटू लागला. 2014 साली तर मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. ‘नोटो सान्स मोडी’ हा फॉन्ट आज कोणीही उतरवून घ्यावा, वापरावा, हवा तर त्यात बदल करून पुढे द्यावा. त्याचा परवानाच तशी मुभा देतो. ओपन सोर्स म्हणतात ते हेच.

फुकट मिळणं हा त्यातला लहान भाग. केळीच्या बागेवरची मोटर जळाली की तालुक्याचा वायंडिंगवाला ती खोलतो आणि भरून देतो. कारखान्याला विचारावं लागत नाही. ओपन सोर्स सॉफ्टवेअरचा मूळ कोडही असाच खोलून पाहता येतो, दुरुस्त करता येतो. उद्या कोणाला अहिराणीत मेनू हवे असतील, तर कंपनीला त्यात नफा दिसेपर्यंत थांबायचं कारण नाही. जाणकार चार माणसं जमली की काम सुरू करता येतं. खान्देशासाठी ही गोष्ट पैशांच्या बचतीहून मोठी आहे.

रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली अमेरिकेत मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची घोषणा केली. 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचा गाभा लिहिला. जळगावच्या गोलाणी मार्केटमधून घेतलेल्या अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात तोच गाभा असतो. मोबाइलवर लिनक्स असं नकळत घरात आलं, संगणकावर मात्र सवय आडवी येते. एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लाखो मुलं संगणक शिकली, ती विंडोज आणि वर्डवर. त्यामुळे ‘टाइप करणं’ म्हणजे वर्ड, असं समीकरण बसलं. परवान्याचे पैसे जड जातात. मग कोणीतरी विनापरवाना कॉपी ‘टाकून’ देतो आणि तिच्यासोबत कधी व्हायरसही येतो.

ही सवय एका दिवसात मोडायची गरज नाही. विंडोज तसंच ठेवून त्यावर लिबरऑफिस घालता येतं. पत्रं, अर्ज, हिशेबाचे तक्ते त्यात होतात, वर्ड-एक्सेलच्या फाइली उघडतात, मेनू मराठीत मिळतात. गुंतागुंतीची मांडणी कधी कधी हलते, हे आधीच सांगितलेलं बरं. लग्नपत्रिकेच्या नक्षीकामाला इंकस्केप आहे, फोटोंसाठी गिंप. अक्षरांसाठी मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेले ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ हे देखणे देवनागरी फॉन्ट आहेत, तेही मुक्त परवान्याचे.

टॅलीवर चालणाऱ्या दुकानाने मात्र घाई करू नये. टॅली विंडोजसाठी बनलेलं आहे. हिशेबाचं मशीन तसंच राहू द्यावं. घरातल्या जुन्या संगणकाची गोष्ट वेगळी. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि अनेक जुनी मशीनं विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच मशीनवर लिनक्स मिंट चांगलं चालतं. पेन ड्राइव्हवरून आधी चालवून पाहावं. वायफाय, प्रिंटर, मराठी टायपिंग जमतंय याची खात्री झाली, की महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि मगच ते कायमचं बसवावं.

शिकवणार कोण? आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने दहा-दहा मिनिटांचे धडे तयार केले आहेत, त्यांतले बरेच मराठी निवेदनासह. शेजारी धडा लावायचा आणि बरोबरीने स्वतः करत जायचं, अशी त्यांची रीत. केरळने तर आपल्या सरकारी शाळांसाठी उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली स्वतंत्र प्रणालीच केली. धुळे जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळा गावकऱ्यांच्या वर्गणीतून डिजिटल झाल्या. लोकांच्या पैशाने आलेल्या त्या यंत्रांवर केरळसारखा प्रयोग व्हायलाच हवा.

वाचनालयं, मंडळं आणि छापखान्यांनी मात्र एक काम आजच हाती घ्यावं. जुने फॉन्ट असलेलं एखादं मशीन अजून चालू असेल, तर ते बंद पडण्याआधी त्यातल्या स्मरणिका, विशेषांक, गावांचे इतिहास युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत.