पगारातून ईएसआय कापला जातो, मग संगणक ‘पात्र नाही’ का म्हणतो?

बिबवेवाडीतलं कामगार विमा रुग्णालय आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. अप्पर-लोअर इंदिरानगर, मार्केट यार्ड, कोंढवा, या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत अब्बा, भाई किंवा आता बहीणसुद्धा एखाद्या कंपनीत, गोदामात, हॉटेलात नाहीतर सिक्युरिटीत नोकरीला असते. दर महिन्याच्या पगारपत्रकात ‘ईएसआय’ नावाची छोटी रक्कम कापलेली दिसते. कर्मचारी राज्य विमा महामंडळाचं कार्यालय, पंचदीप भवन, तेही बिबवेवाडीतच आहे. म्हणजे सगळं घराजवळ. तरी ऐन आजारपणात पडद्यावर ‘पात्र नाही’ असं आलं की घरचे गोंधळतात. पैसे तर कापले, मग अडलं कुठे?

हे समजायला एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते. खिडकीवरचा संगणक आपल्याला ओळखत नाही. त्याच्यापुढे एक नोंद असते: विमा क्रमांक, नाव, जन्मतारीख, दर महिन्याचे भरलेले दिवस आणि पगार. ही नोंद मालक भरतो, महिना संपला की पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. आणि ही नोंद ज्या नियमांवर घासून पाहिली जाते, ते नियम या दोघांपैकी कोणीच ठरवत नाही. ते संसदेच्या कायद्यात आणि सरकारच्या राजपत्रात असतात, आणि तिथे ते बदलत राहतात.

मुद्दाम जुनं उदाहरण घेऊ. १८,००० रुपये पगाराच्या माणसाची जून २०१९ ची कपात १.७५ टक्के, म्हणजे ३१५ रुपये होती, मालकाचे ४.७५ टक्के, ८५५ रुपये. १ जुलै २०१९ पासून सरकारने दर खाली आणले: कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. त्याच माणसाचे जुलैचे १३५ आणि ५८५ रुपये झाले. माणूस तोच, पगार तोच, फक्त नियम बदलला. आता समजा जून २०१९ ची राहिलेली रक्कम मालक नंतर कधीतरी भरतो. तर कोणता दर? जूनचाच. म्हणून चांगल्या व्यवस्थेत नियम प्रोग्रामच्या पोटात कोरून ठेवत नाहीत. ते बाहेर एका तक्त्यात ठेवतात आणि प्रत्येक नियमापुढे ‘कधीपासून, कधीपर्यंत’ लिहितात. नोंद ज्या महिन्याची, त्या महिन्याचा नियम उचलायचा. राजपत्र बदललं की तक्त्यात एक ओळ वाढवायची, जुनी ओळ पुसायची नाही. किराणा दुकानदार उधारीच्या वहीत जुना भाव खोडत नाही, तसंच.

जिथे हे पाळलं जात नाही तिथे भलतंच होतं. पगाराच्या मर्यादेचं पाहा. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, त्याआधी १५,००० होती. अपंग कर्मचाऱ्यांसाठी २५,०००. आता एखाद्याचा पगार जूनमध्ये वाढून २२,००० झाला. अनेक ऑफिसांतला हिशोबाचा माणूस किंवा त्याचं सॉफ्टवेअर सरळ म्हणतं, मर्यादा ओलांडली, कपात बंद. हे चूक आहे. वर्षाचे दोन अंशदान काळ असतात, १ एप्रिल ते ३० सप्टेंबर आणि १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. मधेच पगार वाढला तरी तो काळ संपेपर्यंत माणूस विम्यातच राहतो आणि वर्गणी पूर्ण २२,००० वर भरायची असते. म्हणूनच मासिक नोंद भरताना ‘विम्याबाहेर गेला’ हे कारण एप्रिल किंवा ऑक्टोबरच्या नोंदीतच चालतं. जूनमध्ये हे कारण टाकलं तर मशीनने ते परत पाठवलं पाहिजे. आमच्या मते हा तपासणीचा सगळ्यात उपयोगी प्रकार: मालकाच्या हातून होणारी चूक कामगाराच्या अंगावर यायच्या आधीच दारात अडते. (मर्यादा ठरवताना ओव्हरटाइम धरत नाहीत, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

आता खरा दुखरा मुद्दा, दिवसांचा. आजारपणाची रोख भरपाई हवी तर त्या अंशदान काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या वर्षी जानेवारी ते जूनचा लाभ मिळतो. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर त्याच वर्षी जुलै ते डिसेंबरचा. पहिल्यांदाच विम्यात आलेल्यांचा हिशोब थोडा वेगळा असतो. भरपाई सरासरी रोजच्या ७० टक्के, जास्तीत जास्त ९१ दिवस.

एकाने एप्रिल-मेमध्ये ५२ दिवस काम केलं, मग घरच्या अडचणीने गावी गेला, सप्टेंबरमध्ये परतून २६ दिवस भरले. बेरीज ७८, बरोबर काठावर. मालकाच्या माणसाने सप्टेंबरचे २४ टाइप केले. नोंदीत झाले ७६. तीन-चार महिन्यांनी हा माणूस अंथरुणाला खिळतो तेव्हा मशीन म्हणतं, पात्र नाही. मशीन खोटं बोलत नाही, नियमही चुकीचा नाही. नोंद खोटी आहे. रोज ६०० रुपये धरले तर दिवसाचे ४२० गेले, २० दिवसांचे ८,४००. दोन आकडी टाइपिंगच्या चुकीची किंमत. बाळंतपणात हेच आणखी महाग पडतं: तिथे आधीच्या दोन अंशदान काळांत मिळून ७० दिवस लागतात आणि लाभ २६ आठवड्यांचा, पूर्ण सरासरी पगाराचा आहे. आपल्या मुली आता मोठ्या संख्येने नोकरी करतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावाच.

दुसरी अडचण आपल्याकडे जरा जास्त: नावाची. आधारवर शेख आधी, कंपनीच्या कागदावर शेख शेवटी. कुठे मोहम्मद, कुठे मोहंमद, कुठे नुसतं ‘मो.’ इंग्रजीत तर शेखचं स्पेलिंगच तीन तऱ्हेचं. निकाहनंतर कोणी शौहरचं नाव लावतं, कोणी वालिदचंच ठेवतं. आपल्या घरात ही सगळी एकाच माणसाची नावं. अक्षर जुळवणाऱ्या मशीनला ती वेगळी माणसं वाटतात. कुटुंबाच्या यादीचंही तेच. अवलंबून असलेली अविवाहित मुलगी कुटुंबात धरतात, म्हणजे तिचं लग्न झालं की यादी बदलावी लागते. नवं बाळ आलं की तेही चढवावं लागतं, आपोआप चढत नाही.

नियम अजूनही हलताहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्यात ‘वेतन’ या शब्दाची व्याख्याच नव्याने केली आहे. वगळायचे भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेतनात धरायचा. त्यामुळे हातात येणारी रक्कम तीच असूनही नोंदीतला पगार वेगळा दिसू शकतो. पगारपत्रक बदललेलं दिसलं तर आधी हे कारण आहे का ते विचारा.

खिडकीवर ‘पात्र नाही’ ऐकलं तर वाद घालण्यात वेळ घालवू नये. एवढंच विचारावं: कोणत्या नियमात अडलं, आणि कोणत्या महिन्याची नोंद कमी पडली? ‘अमान्य’ एवढ्यावर परत फिरू नये. मग तो महिना आपल्या पगारपत्रकाशी ताडून पाहावा. दिवस कमी भरले असतील तर दुरुस्तीची सुरुवात मालकाकडून होते, कारण ती नोंद त्यानेच भरलेली असते; म्हणून मागणी लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. नावाची गडबड असेल तर आधार आणि ई-पहचान कार्ड शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवावं. हे सगळं आजारी पडायच्या आधीही करता येतं: विमा क्रमांकाने महामंडळाच्या पोर्टलवर आपले भरलेले दिवस दिसतात. सप्टेंबरची नोंद १५ ऑक्टोबरपर्यंत आणि मार्चची १५ एप्रिलपर्यंत भरायची असते, तेव्हा त्या तारखांनंतरच्या आठवड्यात घरातल्या कोणा शिकणाऱ्या मुलाला मोबाईल घेऊन बसवावं आणि ७८ चा आकडा पूर्ण झाला का ते मोजून घ्यावं.