समुद्रात मारलेली बोअर

बोअरची गाडी शेतात पोचते तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात. दिवसभर ती दुसऱ्या कुणाच्या तरी शिवारात अडकलेली असते. पाणाड्याने हातावर नारळ धरून दाखवलेल्या जागी अगरबत्ती लागते, नारळ फुटतो, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि मग सगळ्यांचे डोळे त्या भोकातून उडणाऱ्या भुकटीवर. आधी काळी, मग राखाडी, मग एकदम तांबूस. तांबूस आली की जाणती माणसं दोन पावलं पुढे सरकतात. लाव्हाच्या दोन थरांमध्ये भाजून निघालेली ती माती, तिच्या आसपास पाणी लागायची आशा असते. शेतमालक मात्र भुकटीकडे बघत नसतो. तो पाइप मोजत असतो, कारण भाव फुटावर ठरलाय. पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे द्यायचेच. तेवढ्यात बांधावरून शेजारी विचारतो, "काय भाऊ, लागनं का पानी?"

खानदेशातल्या धरणगावच्या शिवारात हे दृश्य ज्याने एकदा पाहिलंय, त्याला समुद्रातल्या तेलशोधाचा अर्धा धंदा कळलेला आहे. उरलेला अर्धा जरा चमत्कारिक आहे.

तेलाच्या कंपनीचा शेअर म्हटलं की आपल्या भागात आधी अमळनेर आठवतं. १९४५ च्या डिसेंबरात तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. ज्यांनी ते शेअर विकले नाहीत त्या घरांच्या गोष्टी धरणगाव स्टेशनवर गाडीची वाट बघतानाही ऐकायला मिळतात. पण त्या कंपनीचं तेल शेंगदाण्यातून यायचं, आणि शेंगा डोळ्यांसमोर वावरात होत्या. कारखान्याचं धुराडं दिसत होतं. आता अशी कंपनी डोळ्यासमोर आणा जिच्याकडे धुराडं नाही, माल नाही, गिऱ्हाईक नाही. आहे तो समुद्राच्या एका चौकोनाचा परवाना, संगणकात भरलेली पाण्याखालच्या खडकांची चित्रं, पाच-दहा भूशास्त्रज्ञ आणि बँकेत दीड-दोन वर्षं पुरेल एवढी रोकड. लहान तेलशोध कंपनी म्हणतात ती ही. तिचा शेअर घेणं म्हणजे परक्या गावातल्या, कधी न पाहिलेल्या शेतातल्या बोअरमध्ये वर्गणी भरणं.

मुळात हे तेल समुद्राखाली येतं कसं, ते आधी बघू.

आपल्या पायाखालचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. त्याचीच झीज होऊन कापसाची काळी माती झाली. हाच कातळ पश्चिमेला उतरत जाऊन अरबी समुद्राच्या तळाखालीही पसरलाय. फरक एवढाच की आपल्याकडे तो उघडा राहिला आणि तिकडे त्याच्यावर कोट्यवधी वर्षं गाळ साचत गेला. वरून नद्यांची माती, मधून सूक्ष्म जिवांची मढी, त्यावर चुन्याचे थर. गाळ दबत गेला, खोल गेला, तापला. साधारण साठ ते एकशेवीस अंशांच्या आचेवर त्या मढ्यांचं तेल होतं. आच कमी पडली तर काहीच होत नाही आणि फार झाली तर नुसता गॅस उरतो. नाशिक-धुळ्याच्या डोंगरात दिसणारा आडव्या पायऱ्यांचा तो खडक आणि मुंबईच्या गॅसवाहिनीतला गॅस, यांचं नातं असं तळमजला आणि वरचा मजला असल्यासारखं आहे. मला तर हे कळल्यापासून कातळ फोडणाऱ्या बोअरचा आवाज वेगळाच ऐकू येतो.

तेल झालं तरी ते तिथे थांबत नाही. हलकं असतं, वर सरकू बघतं. ते साठायला सच्छिद्र खडक लागतो, वर न झिरपणारं झाकण लागतं, आणि त्या थरांना उलट्या कढईसारखा उंचवटा लागतो. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर असा एक प्रचंड उंचवटा आहे, म्हणूनच त्याचं नाव बॉम्बे हाय. साठच्या दशकात सोव्हिएत जहाजाने पाण्यात ध्वनिलहरी सोडून, तळाखालून परत येणारे पडसाद ऐकून तो हेरला. मग जपानमध्ये बांधलेली 'सागर सम्राट' आली. ही नौका नेमल्या जागी आपले लोखंडी पाय समुद्रतळावर टेकते आणि स्वतःच्याच पायांवर चढून पाण्याच्या वर अधांतरी उभी राहते. खाली सुमारे ७५ मीटर पाणी आणि त्याखाली अंधार. १९७४ च्या फेब्रुवारीत तेल लागलं, १९७६ च्या मे महिन्यात काढायला सुरुवात झाली. ती वर्गणी देशाने भरली होती, शेअरहोल्डरने नव्हे. बोअर कोरडी गेली असती तर ओरडा संसदेत झाला असता, दलाल स्ट्रीटवर नाही.

लहान कंपनीच्या पाठीशी देश नसतो. तिला हिशेब आण्यांत करावा लागतो. समजा तेल शिजलं असण्याची खात्री दहा आणे, सच्छिद्र खडकाची दहा आणे, झाकणाची दहा आणे, उंचवट्याचीही दहा आणे. ऐकायला बरं वाटतं, प्रत्येक गोष्ट निम्म्याहून जास्त पक्की. पण चारही एकाच ठिकाणी जुळायला हव्यात, म्हणून त्यांचा गुणाकार करायचा, आणि तो येतो जेमतेम अडीच आणे. शंभरातून पंधरा. पंच्याऐंशी वेळा खोल समुद्रात दिवसाला कोट्यवधी रुपये भाड्याचं यंत्र उभं करून, महिनाभर खोदून, सिमेंटने भोक बुजवून परत यायचं. त्यातही तेल लागलं पण थोडं लागलं, तर तो खर्च परवडत नाही. थोडं पाणी लागलेल्या बोअरवर हंडाभर पाणी तरी उपसता येतं. समुद्रात तीही सोय नाही.

मग अशा कंपनीला पैसे देतं कोण? आशा देते. बोअर सुरू व्हायच्या आधीचे महिने शेअर चढत असतो, कारण तेव्हा फक्त उलट्या कढईचं चित्र असतं आणि चित्र कधी कोरडं जात नाही. रोकड कमी पडली की कंपनी दोन गोष्टी करते. एक म्हणजे ब्लॉक, म्हणजे परवान्यातला तो समुद्राचा चौकोन, बटाईने देते: मोठी कंपनी येते, खोदायचा खर्च उचलते, बदल्यात निम्मा-अधिक वाटा घेते. दुसरं म्हणजे नवे शेअर काढते. सातबाऱ्यावर नवी नावं चढत जावीत तसं होतं हे. शेत तेवढंच, पण तुमच्या वाट्याला येणारे गुंठे दर वर्षी कमी. तेल लागेपर्यंत कित्येकदा मूळ शेअरवाल्याचा वाटा नावापुरता उरलेला असतो.

आणि तेल 'लागलं' हे तरी कळतं कसं? समुद्रतळाखाली दोन-तीन किलोमीटरवर डोळा जात नाही. वर येतो तो खडकाचा चुरा. तो धुऊन भिंगाखाली धरतात. अतिनील दिव्याखाली तेलाचे कण चमकतात. मग तारेला बांधून उपकरणं भोकात सोडतात आणि खडकातून वीज जाते का ते बघतात. खारं पाणी वीज वाहून नेतं, तेल अडवतं. म्हणजे ओल्या पायाने मोटारीच्या स्टार्टरला हात लावू नये हे ज्या कारणाने घरातली म्हातारी सांगते, त्याच कारणावर करोडोंची बाजी ठरते. पण हा पुरावा अप्रत्यक्ष. खरं काय ते नमुना हातात आल्यावरच.

याची सगळ्यात बोलकी गोष्ट दक्षिण अटलांटिकमधल्या फॉकलंड बेटांजवळची. २०१० च्या मे महिन्यात रॉकहॉपर नावाच्या छोट्या ब्रिटिश कंपनीला तिथे तेल लागलं आणि तिचा शेअर काही महिन्यांत कित्येक पट झाला. शेजारच्याच पाण्यात डिझायर पेट्रोलियम ही दुसरी छोटी कंपनी खोदत होती. डिसेंबरात तिने जाहीर केलं, तेल लागलं. शेअर उसळला. काही दिवसांतच दुसरं निवेदन आलं: तपासणीत ते पाणी निघालं. शेअर निम्म्यावर आला. आपल्याकडे बोअरला पाणी लागलं म्हणून पेढे वाटतात. तिकडे पाणी लागलं म्हणून लोक बुडाले. आणि ज्या रॉकहॉपरला खरंच तेल लागलं होतं, तिने पुढची दहा वर्षं त्यातला थेंबही विकला नव्हता.

आपल्या मराठी मुलखातही या खेळाचा एक मोठा डाव झालाय. तेव्हाच्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनचा टीव्ही कुणाच्या घरात नव्हता? त्याच व्हिडिओकॉनकडे आंध्रच्या किनाऱ्याजवळच्या रव्वा तेलक्षेत्रात पंचवीस टक्के वाटा होता, आणि आफ्रिकेतल्या मोझांबिकच्या समुद्रात रोवुमा खोऱ्याच्या एका ब्लॉकमध्ये दहा टक्के. खोदणारी कंपनी अमेरिकेची ॲनाडार्को. २०१० मध्ये तिथे गॅस लागला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत कळलं की हा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. २०१३ च्या जूनमध्ये ओएनजीसी विदेश आणि ऑइल इंडिया यांनी मिळून तो दहा टक्के वाटा २४७.५ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. तेव्हाच्या भावाने ते झाले सुमारे पंधरा हजार कोटी रुपये. टीव्ही-फ्रिज करणाऱ्या कंपनीने दुसऱ्याच्या बोअरमधल्या वाट्यावर केलेली ही कमाई! आणि तरी २०१८ मध्ये व्हिडिओकॉन दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कर्जाचा डोंगर गॅसपेक्षा मोठा निघाला. तो वाटा विकत घेणाऱ्यांचंही सोपं झालं नाही. २०२१ मध्ये हल्ल्यांमुळे मोझांबिकचं काम थांबवावं लागलं.

विहिरीला पाणी लागणं आणि ते आपल्या वाफ्यात येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे इथे नीट दिसतं. मध्ये पाइप फुटतो, लाइट जाते, भाऊबंद वाटा मागतात. शेअर घेणारा माणूस अभ्यास करतो तो खडकाचा, आणि बुडतो बहुतेक वेळा मधल्या पाइपात.

लहान कंपनी बघायची तर हिंदुस्तान ऑइल एक्सप्लोरेशन घ्या. एचडीएफसी उभी करणाऱ्या एच. टी. पारेख यांनी १९८३ मध्ये तिची स्थापना केली. पुद्दुचेरीजवळच्या समुद्रात तिचं पीवाय-१ हे क्षेत्र आहे. तिथे गॅस चक्क ग्रॅनाइटच्या भेगांत आहे, म्हणजे आपल्याकडे कातळाच्या फटीत पाणी असतं तसा. आणि फटीतल्या पाण्याची खोड बोअरवाल्याला ठाऊक असते: पहिल्या उन्हाळ्यात धो धो, मग सुस्कारे. पीवाय-१ चंही तसंच झालं, २००९ मध्ये सुरू झालेला गॅस अंदाजापेक्षा फार लवकर ओसरला. नंतर याच कंपनीने सरकारच्या लिलावात मुंबईजवळचं बी-८० हे आधीच सापडलेलं, पण मोठ्यांनी लहान म्हणून सोडलेलं क्षेत्र घेतलं आणि २०२२ मध्ये तिथून तेल काढलं. दुसऱ्याने सोडलेली बोअर साफ करून चालवणं हा माझ्या मते यातला जास्त शहाणा धंदा आहे. फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत.

आता नकाशावर तापीवर बोट ठेवा. धरणगाव तालुक्याच्या उत्तरेने जाणारी ही नदी अमळनेर, शिरपूर, नंदुरबार मागे टाकत सुरतेला समुद्रात शिरते. कोट्यवधी वर्षांपूर्वी तापीसारख्या नद्यांनी नेलेल्या वाळूचे थर समुद्राखाली दबले आणि त्यांत गॅस साठला. त्या गॅसक्षेत्रांची नावंच मध्य तापी आणि दक्षिण तापी. १९९४ मध्ये ती एन्रॉन, रिलायन्स आणि ओएनजीसीच्या भागीदारीकडे गेली. हो, तीच दाभोळवाली एन्रॉन. १९९७ पासून गॅस निघू लागला. २००१ मध्ये एन्रॉन बुडाली, तिच्या शेअरचा कागद रद्दीच्या भावाचा झाला आणि तिचा वाटा ब्रिटिश गॅसने उचलला. खाली वाळूतला गॅस मात्र येत राहिला. पुढे तोही संपला. २०२२ मध्ये तिथले फलाट कापून किनाऱ्यावर आणल्याचं जाहीर झालं. अशी समुद्रातली सुविधा मोडून काढायचं हे देशातलं पहिलंच काम, आणि त्याचा खर्चही शेवटपर्यंत टिकलेल्या भागीदारांच्याच खात्यावर पडला.