मिक्सरमध्ये मळलेली कणीक काळपट का होते?

स्टँड मिक्सरमध्ये मळलेल्या कणकेवर किंवा केकच्या मिश्रणात कधी कधी करडे-काळे डाग दिसतात. ती खावी का?

या मिक्सरचे हुक आणि बीटर अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचे असतात. डिशवॉशरच्या तीव्र पावडरीने धातूवरचा संरक्षक थर खराब होतो आणि काळपट भुकटी सुटते. तीच पिठात उतरते.

घाबरू नका. अशी कणीक एखाद्या वेळी खाल्ल्याने निरोगी माणसाला विषबाधा होत नाही. पोटात गेलेल्या अ‍ॅल्युमिनियमपैकी १ टक्क्याहूनही कमी रक्तात शोषले जाते. त्यातले बहुतेक मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. तरीही डाग पडलेली कणीक टाकून दिलेली बरी.

मूत्रपिंडे निकामी झालेल्या किंवा डायलिसिसवर असलेल्या रुग्णांनी मात्र काळजी घ्यावी. त्यांच्या शरीरात अ‍ॅल्युमिनियम साठून हाडांवर व मेंदूवर परिणाम होऊ शकतो. त्यांच्या घरी स्टीलचेच हुक वापरा.

काय करावे?
• हुक हाताने, सौम्य साबणाने धुवा आणि लगेच कोरडा करा.
• पांढऱ्या कपड्याने पुसून पाहा. कपडा काळा झाला तर पुन्हा धुवा.
• तरीही काळे सुटत असेल किंवा वरच्या लेपाचे पोपडे निघत असतील, तर हुक बदला.