दोन जुने कॉम्प्युटर जोडू या

जुनी वस्तू आपण लगेच टाकून देत नाही. जुन्या लुगड्याची गोधडी होते. जुन्या पत्र्याचे खुराडे होते. मग जुना कॉम्प्युटर भंगारात का घालावा?

आता खेड्यातही पुष्कळ घरांत कॉम्प्युटर आला आहे. पुस्तकात त्याला संगणक म्हणतात. मुलगा शहरात नवा कॉम्प्युटर घेतो आणि जुना घरी पाठवतो. घरात आधीचा एक असतोच. असे दोन होतात. हे दोन एकमेकांना कसे जोडावे, आणि जोडून काय मिळते, ते आपण ह्या पाठात पाहू.

जोडायचे कशाला?

समजा, घरातली सून बचत गटाचा हिशेब लिहिते. गटात बारा बाया आहेत. कोणी किती भरले, कोणी कर्ज काढले, किती फेडले, व्याज किती झाले, हे सारे तिच्या कॉम्प्युटरात आहे. कॉम्प्युटरच्या पोटात एक डबी असते. तिला हार्ड डिस्क म्हणतात. सगळी लिखापढी त्या डबीत राहते. जुनी डबी कधी बंद पडेल, ह्याचा नेम नाही. ती सांगून बंद पडत नाही. डबी गेली की बारा जणींचा हिशेब गेला. मग एक म्हणते, "मी भरले होते." दुसरी म्हणते, "नव्हते भरले." पैसा पुन्हा मिळवता येईल. गेलेला विश्वास कुठून आणायचा?

हिशेब एकाच जागी असला की काय होते, हे आपल्या मुलखाने पाहिले आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. कागद सावकाराच्या घरी, वहीही त्याच्याच घरी. शेतकऱ्याच्या हाती काहीच नव्हते. म्हणून आम्ही सांगतो, हिशेबाची प्रत एकापेक्षा जास्त जागी असावी. एक कॉम्प्युटर बिघडला तरी दुसऱ्यात हिशेब शाबूत राहील.

जाळे म्हणजे काय?

विहिरीचे पाणी पाटाने वाफ्यात जाते. तशी एका कॉम्प्युटरातली माहिती तारेतून दुसऱ्यात जाते. अशा जोडणीला नेटवर्क म्हणतात. नेटवर्क म्हणजे जाळे. इंटरनेट हे साऱ्या जगाचे जाळे आहे. आपले जाळे घरापुरते. त्याला महिन्याचे भाडे नाही.

तारेने जोडण्याची ही रीत अमेरिकेत निघाली. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी झेरॉक्स कंपनीची संशोधनशाळा होती. तिथे रॉबर्ट मेटकाफ ह्यांनी २२ मे १९७३ रोजी ही कल्पना कागदावर मांडली. डेव्हिड बॉग्ज हे त्यांचे सोबती. ह्या रीतीला ईथरनेट असे नाव पडले. आजही तीच रीत चालू आहे.

तार कशी असते?

कॉम्प्युटरच्या पाठीमागे एक चौकोनी खाच असते. टेलिफोनच्या खाचेसारखी, पण जरा रुंद. तिच्यात नेटवर्कची तार बसते. तार बाहेरून एक दिसते, पण आत आठ बारीक तारा असतात. दोन दोन तारांना पीळ दिलेला असतो. अशा चार जोड्या. हा पीळ शोभेसाठी नाही बरं का. आजूबाजूच्या विजेमुळे तारेत गडबड होते, ती पिळामुळे पुष्कळशी कटते. ही तार १०० मीटरपर्यंत, म्हणजे सुमारे ३२८ फुटांपर्यंत चालते. घरात एवढी लागतच नाही.

आता एक खुबी ध्यानात ठेवा. कॉम्प्युटरला बोलायला एक जोडी लागते आणि ऐकायला दुसरी. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाशी आले पाहिजे. साधी तार सरळ असते. तिने तोंड तोंडाशी आणि कान कानाशी येतो. मग बोलणे होणार कसे? म्हणून दोन जुने कॉम्प्युटर थेट जोडायचे तर क्रॉस केबल घ्यावी. तिच्यात एका टोकाला नारिंगी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेली असते. दुकानात 'क्रॉस केबल' असेच मागावे. नंतरच्या बऱ्याच कॉम्प्युटरांना ही अदलाबदल आपली आपण करता येते. त्यांना साधी तार चालते.

दुसरी रीत अशी. मध्ये एक लहान पेटी ठेवायची. तिला स्विच म्हणतात. दिव्याचे बटण नव्हे! हिला चार-पाच खाचा असतात. दोन साध्या तारांनी दोन्ही कॉम्प्युटर पेटीला जोडायचे. पुढे तिसरा आला तरी त्याला जागा राहते.

तार बसली की खट् असा आवाज येतो. कॉम्प्युटर चालू असले की खाचेजवळ बारीक दिवा लागतो. दिवा लागला नाही तर आधी तार काढून पुन्हा बसवावी.

घराला नंबर द्या

पत्रावर पत्ता नसेल तर पोस्टमन काय करणार? कॉम्प्युटरलाही पत्ता लागतो. पहिल्याला १९२.१६८.१.१ द्यावा आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.२. ह्यातले पहिले तीन आकडे म्हणजे गाव. शेवटचा आकडा म्हणजे घर नंबर. गाव एकच हवे, घर नंबर वेगळा हवा. दोघांना एकच नंबर दिला तर घोटाळा होतो. पत्त्याखाली 'सबनेट मास्क' असे लिहिलेले असते. तिथे दोन्हीकडे २५५.२५५.२५५.० लिहावे. आकडे मात्र इंग्रजी टंकावे.

पुष्कळ जुन्या कॉम्प्युटरांत विंडोज ७ असते. त्यात ह्या क्रमाने जावे:

१. 'कंट्रोल पॅनल' उघडा. त्यात 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर' उघडा.
२. 'चेंज अडॅप्टर सेटिंग्ज' वर दाबा. 'लोकल एरिया कनेक्शन' वर माऊसचे उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' घ्या.
३. 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्शन ४' निवडून पुन्हा 'प्रॉपर्टीज' दाबा. तिथे पत्ता लिहा.
४. मागे येऊन 'चेंज अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज' उघडा. जिथे 'करंट प्रोफाइल' लिहिले असेल, तिथे 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' चालू करा.

हे चारही दोन्हीकडे करावे.

हाक मारून पाहा

पहिल्या कॉम्प्युटरवर 'स्टार्ट' दाबून इंग्रजीत 'सीएमडी' ही तीन अक्षरे टंका आणि एंटर दाबा. काळी चौकट उघडेल. तिच्यात 'पिंग' हा शब्द आणि पुढे दुसऱ्याचा पत्ता लिहा. ही झाली हाक. पलीकडून चार वेळा 'रिप्लाय' असे उत्तर आले की जोडणी झाली. उत्तर आले नाही तर तीन गोष्टी तपासा: तारेजवळचा दिवा, दोन्ही पत्ते, आणि वरची चौथी पायरी.

हिशेब पाठवा

दुसऱ्या कॉम्प्युटरवर सुनेच्या नावाचे खाते काढा आणि त्याला पासवर्ड द्या. पासवर्ड म्हणजे कुलपाची किल्ली. मग 'हिशेब' नावाचा फोल्डर करा. त्यावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज' मध्ये 'शेअरिंग' घ्या. तिथे फक्त सुनेच्या खात्याला 'रीड अँड राइट' अशी मुभा द्या. साऱ्यांना मोकळीक देऊ नका.

पहिल्या कॉम्प्युटरवर 'स्टार्ट' च्या चौकटीत दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे दुसऱ्याचा पत्ता लिहा. नाव व पासवर्ड विचारतील. ते दिले की 'हिशेब' दिसेल. त्यात रोज प्रत टाकावी आणि प्रतीला तारखेचे नाव द्यावे. कालच्या प्रतीवर आजची चढवू नये. आज चूक झाली असेल, तर कालची प्रतच उपयोगी पडते.

धोका ओळखा

विंडोज ७ बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्ट कंपनीने त्याची साधारण डागडुजी १४ जानेवारी २०२० पासून थांबवली. म्हणजे भिंतीला भोक पडले तर बुजवणारा कोणी नाही. म्हणून हे जुने कॉम्प्युटर इंटरनेटला जोडू नका.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा कॉम्प्युटरचा रोग जगभर पसरला. फाइल वाटण्याच्या ज्या दारातून आपण हिशेब पाठवतो, त्याच दारातून तो शिरला. दीडशेहून अधिक देशांत त्याने कॉम्प्युटर अडवले आणि खंडणी मागितली. इंग्लंडातल्या सरकारी दवाखान्यांत शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. भोक बुजवायचे औषध मार्च महिन्यातच निघाले होते. ज्यांनी ते लावले नव्हते, ते सापडले. परका पेन ड्राइव्हही असाच रोग आणतो. तो लावू देऊ नये.

तार उघड्या अंगणातून नेऊ नका. पावसाळ्यात वीज जवळ पडली तर दोन्ही कॉम्प्युटर जळतील. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावे.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच छपराखाली आहेत, हेही विसरू नये. आग लागली किंवा चोरी झाली तर दोन्ही जातील. म्हणून दर महिन्याला हिशेब कागदावर छापून घ्यावा. तो गटाच्या बैठकीत ठेवावा आणि दुसऱ्या घरी जपावा.

त्या बैठकीत बारा जणींनी आपापले नाव शोधावे. नावापुढचा आकडा स्वतः वाचावा. बरोबर असेल तर सही करावी. चूक असेल तर तिथल्या तिथे बोलावे. यंत्र आकडा जपून ठेवते. तो खरा आहे की नाही, हे पाहणे आपले काम. अक्षरे शिकलो ती ह्यासाठीच.