दारी आलेली जखमी कोंबडी

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा किनारी रस्ता नरपड आणि चिखले या गावांमधून जातो. एका अंगाला सुरूची झाडे आणि समुद्र, दुसऱ्या अंगाला चिकूच्या वाड्या. वाडीच्या कुंपणाखालून पाड्यावरच्या गावठी कोंबड्या दिवसभर ये-जा करीत असतात. सुट्टीच्या दिवसांत याच रस्त्यावर मोटारींची वर्दळ वाढते. कुत्री आणि मुंगूस तर बारमाही आहेतच. अशा परिसरात दुकान किंवा वाडी असलेल्या जैन कुटुंबाच्या दारात कधी ना कधी एखादे मूल रक्ताळलेली कोंबडी कवटाळून उभे राहते. घरातील वडीलधारी माणसे क्षणभर अडखळतात. कबुतराला दाणे टाकणे, गाईला चारा देणे हे अंगवळणी पडलेले असते. पण कोंबडी म्हणजे दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरातील पदार्थ, अशी तिची ओळख मनात घट्ट बसलेली असते. तिला घरात घ्यायचे कसे?

जैन कथावाङ्मयाला मात्र कोंबडा परका नाही. यशोधर राजाची कथा सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’मध्ये आहे, पुष्पदंतांच्या अपभ्रंश ‘जसहरचरिउ’मध्ये आहे, आणि जन्न कवीने ती कन्नडमध्येही सांगितली आहे. आईच्या आग्रहाखातर राजाने जिवंत कोंबडा मारण्याऐवजी पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. रक्ताचा थेंबही सांडला नाही, तरी मारण्याचा संकल्प झालाच होता. त्याचे फळ म्हणून मायलेकांना अनेक तिर्यंच योनींतून फिरावे लागले आणि त्या फेऱ्यात शेवटी दोघांनी कोंबड्यांचा जन्म घेतला. त्या जन्मात मुनींचा उपदेश त्यांच्या कानी पडला. त्याच सुमारास राजाच्या बाणाने ते मारले गेले आणि पुढे मनुष्यजन्माला आले. मुनींचे बोल ऐकून अंतर्मुख होणारा जीव म्हणून ज्या परंपरेने कोंबडीकडे पाहिले, त्या परंपरेतील घराने तिला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचे कारण उरत नाही.

दया मनात आली, तरी पहिल्या तासाभरात हातून होणाऱ्या चुकाच बहुधा पक्ष्याच्या जिवावर बेततात. कोंबडीला पाय धरून उलटी लटकावून आणू नये. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच त्याच्या वायुकोशांत हवा खेळते. उलटे धरल्यास पोटातील अवयवांचा भार त्या वायुकोशांवर पडतो, आणि भीतीपोटी छाती घट्ट आवळून धरली तर तिचा श्वासच कोंडतो. दोन्ही पंख अंगाशी मिटवून, खालून हाताचा आधार देऊन, सैल फडक्यात गुंडाळून तिला आणावे. दुसरी चूक पाण्याची. चोच उघडून चमच्याने पाणी ओतले जाते. पण श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते आणि ते पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकते. चोचीच्या टोकाला थेंब लावावा, तो तिने स्वतः गिळावा. शुद्ध हरपलेल्या किंवा मान टाकलेल्या पक्ष्याला तेवढेही देऊ नये.

दुकानदाराच्या घरी पुठ्ठ्याच्या खोक्यांची वाण नसते. बिस्किटांचे एखादे रिकामे खोके घ्यावे, त्याला हवेसाठी भोके पाडावीत, तळाशी गोणपाट आणि वर स्वच्छ सुती कापड अंथरावे, आणि ते घरातील सर्वांत शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. भेदरलेल्या पक्ष्याला अंधार हेच पहिले औषध. शेजारच्या मुलांनी दर पाच मिनिटांनी झाकण उचलून पाहणे ताबडतोब बंद करावे. कोंबडीच्या शरीराचे तापमान 41 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, त्यामुळे थंडीच्या रात्री कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली शेजारी ठेवणे उपयोगी पडते. नरपडच्या मे महिन्यातील दमट उकाड्यात मात्र असल्या उबेची गरज नसते. चोच उघडी टाकून ती धापा टाकू लागली तर खोके वाऱ्याच्या जागी हलवावे.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटे सलग दाबून धरावे. थांबले का, हे सारखे उचलून पाहू नये. त्यानंतर जखम धुवावी. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सुमारे नऊ ग्रॅम मीठ घातले की धुण्याजोगे पाणी तयार होते. पोव्हिडोन आयोडीन असल्यास ते फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करून वापरावे. जखमेच्या कडेची पिसे ओढून न काढता कात्रीने कापावीत. माणसांसाठीची वेदना बधिर करणारी मलमे पक्ष्यांना घातक ठरू शकतात, आणि तेलकट लेप पिसांना चिकटून त्यांची ऊब घालवतो. हळदीवर आपल्या घरांची मोठी श्रद्धा आहे. किरकोळ ओरखड्यावर ती चालेल, पण मांजराच्या किंवा कुत्र्याच्या दाताने पडलेल्या खोल भोकावर हळदीची पूड भरून ठेवणे म्हणजे आतली घाण झाकून ठेवणे होय. मांजराच्या लाळेतील जंतू पक्ष्याला एक-दोन दिवसांत संपवू शकतात. अशा वेळी पशुवैद्याकडून प्रतिजैविक घेण्याला पर्याय नाही. 1962 या क्रमांकावर पशुवैद्यकीय सेवेचे फिरते पथक मागवता येते. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखानाही असतोच.

पुढचा प्रश्न नाजूक आहे, आणि अनेक श्रद्धाळू घरे तेथेच थबकतात. पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या चातुर्मासात, उघड्या जखमेवर माशी बसते आणि तिच्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. पिसांखाली लपलेली ती वळवळ दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कोंबडी संज्ञी पंचेंद्रिय जीव, तशी अळीही जीवच. एकीला वाचवण्यासाठी दुसऱ्यांना मारायचे का? या पेचात पडून काही माणसे हात आखडून बसतात आणि कोंबडी जिवंतपणी आतून पोखरली जाते. हात आखडण्याला अहिंसा म्हणता येणार नाही. जयणा राखून जे करता येते ते असे: मिठाच्या कोमट पाण्याने जखम पुन्हा पुन्हा धुवावी, वर आलेल्या अळ्या बोथट चिमट्याने एकेक उचलाव्यात आणि सावलीतील ओल्या कुजक्या पाल्यात सोडाव्यात. त्या सर्व जगतील असे नाही. पशुवैद्य औषध घालू म्हणाला तर तो निर्णय घरच्यांना जड जाईल, तो त्यांचा त्यांनीच घ्यावा. परंतु हा सारा प्रसंग टाळण्याचा उपाय पहिल्याच दिवशी हाती असतो. खोक्यावर बारीक जाळीचे कापड बांधावे, विष्ठेने भरलेले कापड सकाळ-संध्याकाळ बदलावे, शेपटीखालचा भाग कोरडा ठेवावा. माशी बसलीच नाही, तर कोणत्याच जिवाचा हिशेब मांडावा लागत नाही.

मोडलेल्या पायाबाबत एवढेच सांगण्यासारखे आहे. गुडघ्यासारख्या दिसणाऱ्या सांध्याच्या खालचे हाड मोडले असेल आणि कातडी फाटलेली नसेल, तर आइस्क्रीमच्या काड्यांचा आधार देऊन चिकटपट्टीने, बोटे निळी पडणार नाहीत इतपत सैल बांधता येते. पक्ष्यांची हाडे लवकर जुळतात, साधारण तीन आठवडे लागतात. मांडीचे हाड, उघडे पडलेले हाड किंवा लोंबणारा पंख घरी हाताळू नये. पक्ष्यांची काही हाडे आतून पोकळ असून श्वसनमार्गाशी जोडलेली असतात, हे घरच्या वैद्याला ठाऊक नसते.

व्यापारी घराला एक सोय आयती लाभलेली असते, ती वजनकाट्याची. रोज सकाळी दाणे देण्यापूर्वी कोंबडी टोपलीत ठेवून तोलावी आणि आकडा वहीत मांडावा. दीड किलोची कोंबडी दीडशे ग्रॅमने उतरली तर प्रकृती ढासळते आहे असे समजावे. जमा-खर्च पाहण्याची सवय असलेल्या डोळ्याला ही घट पिसांवरून दिसण्याच्या आधी वहीत दिसते. गळ्याखालची दाण्यांची पिशवीही चाचपून पाहावी. संध्याकाळी ती भरलेली आणि पहाटे रिकामी असावी. पहाटेही ती कणकेच्या गोळ्यासारखी भरलेली लागली तर पचन थांबले आहे.

खाण्याबाबत जैन घरासमोर एक अडचण उभी राहते. आजारी कोंबडीला उकडलेले अंडे भरवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. घरात अंडे येणार नाही, आणि त्यावाचून तिचे अडतही नाही. नवी पिसे आणि नवे मांस यांना प्रथिने लागतात. ती मऊ शिजवलेल्या मुगातून, मसुरातून, भिजवलेल्या शेंगदाण्याच्या पेंडेतून मिळतात. ज्वारी-बाजरीचा भरडा, ताकभात, बारीक चिरलेली पालेभाजी चालते. कच्चे कडधान्य, खारवलेले पदार्थ आणि फरसाण मात्र कटाक्षाने टाळावे. दुकानात सांडलेले शेव-चिवडे कोंबडीपुढे टाकण्याचा मोह फार होतो. रात्री उठून काही भरवण्याची गरज नसते. अंधार पडला की तिला दिसेनासे होते आणि ती दाण्याला शिवत नाही. या घरात चौविहार पाळणाऱ्यांत आणखी एकीची भर पडली, असे म्हणायला हरकत नाही. बरी झाल्यावर ती अंगणात किडे टिपणार. ते तिच्या तिर्यंच जन्माचे स्वाभाविक वर्तन आहे. ते बंद करण्यासाठी तिला कायमची कोंडणे हा मात्र वेगळा दोष होईल.

कोंडण्याविषयी शास्त्रकारांनी बारकाईने विचार केला आहे. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध पहिला आणि अन्नपाननिरोध शेवटचा. पशूला कारणाशिवाय बांधणे दोषास्पद. कारणाने बांधावे लागले तरी गाठ सैल असावी, आग लागली तर ती चटकन सोडवता यावी, अशी दक्षता टीकाकारांनी सुचवली आहे. जखमी कोंबडीच्या खोक्याला हीच मर्यादा लागू करावी. हाड जुळेपर्यंत ती आत राहील. त्यानंतरही सोय म्हणून तिला आत ठेवणे हा बंधच.

कोंबडी जखमी आहे की आजारी, हेही आरंभीच पाहावे. मान वाकडी होणे, हिरवट पातळ विष्ठा, पाय लुळे पडणे ही मानमोडी रोगाची लक्षणे असू शकतात. आजूबाजूच्या अनेक कोंबड्या एकाएकी मरू लागल्या असतील, तर मेलेला किंवा आजारी पक्षी घरात न आणता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात बर्ड फ्लूने जो हाहाकार उडवला, तो महाराष्ट्र विसरलेला नाही. एरवीही कोंबडीला हाताळल्यावर साबणाने हात धुणे मुलांना सक्तीचे असावे.

सगळे करूनही काही पक्षी जातात. डॉक्टर कधी इंजेक्शन देऊन सोडवण्याचे सुचवतो. बहुतेक जैन घरे ते स्वीकारत नाहीत. तसे असेल तर वेदना कमी करणारे औषध तरी मागून घ्यावे. पार्श्वकुमारांनी जळत्या लाकडातील नागयुगुलाला अखेरच्या घटकेस नवकार ऐकवल्याची कथा घरोघरी माहीत आहे. शांत जागी, हात न लावता, हळू आवाजात तो म्हणता येतो.

आणि ती जगली, तर खरी कसोटी तेव्हा लागते. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या दिगंबर जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय अनेक दशके चालते. तेथे बरे झालेले पक्षी आकाशात सोडले जातात. कोंबडीला असे आकाश नाही. कसायाकडून सोडवून रानात सोडलेली कोंबडी पहिल्याच रात्री मुंगसाच्या तोंडी जाते. तिला जीवदया म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे. मुंबईत 1834 साली जमशेटजी जीजीभॉय या पारशी व्यापाऱ्याने हिंदू-जैन शेठांच्या साथीने पांजरापोळ उभी केली, ती सोडवलेल्या जनावरांना आयुष्यभर सांभाळणारी जागा लागते, हे ओळखूनच.

शिवाय नरपडच्या पाड्यावरून आलेल्या कोंबडीला मालक असतो. वारली किंवा मच्छीमार कुटुंबाच्या दृष्टीने ती अडीअडचणीला विकता येणारी पुंजी असते. आम्ही वाचवली म्हणून आमची, हा न्याय होत नाही. मालकाला पहिल्याच दिवशी निरोप द्यावा. त्याला ती परत हवी असेल तर कोणती औषधे दिली आणि त्यांचा अंश किती दिवस अंड्यात व मांसात उतरतो, हे डॉक्टरकडून विचारून त्याला स्पष्ट सांगावे. ठेवून घ्यायची असेल तर बाजारभाव द्यावा, घासाघीस न करता. उपदेश न करता व्यवहार केला तर पुढची जखमी कोंबडीही तो आपणहून आणून देईल.

ठेवून घेतली की जबाबदारी पाच-सात वर्षांची. कोंबडा नसला तरी ती अंडी घालणारच. त्यांत पिलू नसते, पण जैन घरात ती खाल्ली जाणार नाहीत. खुराड्यात तशीच राहू दिली तर ती खुडूक बसते आणि तीन आठवडे अर्धपोटी राहून पुन्हा खंगते. म्हणून अंडी रोज उचलून चिकूच्या बुंध्याशी पुरावीत. दुकानात विकायला ठेवली तर मात्र शुश्रूषेचा धंदा झाला.

एकटी कोंबडी झुरते. तिला सोबत लागते, आणि कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. दुबळी परतली की बाकीच्या तिच्या जखमेवरच टोचतात. आठवडाभर जाळीआडून एकमेकींना दिसू द्यावे. मग काळोख पडल्यावर तिला इतरांच्या शेजारी दांडीवर बसवावे. सकाळी थोडी टोचाटोची होईल. रक्त आले तर जाळी पुन्हा लावावी आणि आणखी चार दिवस थांबावे.