उतरंड उलटू लागली



स्वयंपाकघरातली उतरंड आपण सर्वांनी पाहिली आहे. मोठे मडके तळाला, त्यावर लहान, सर्वांत वर लोटके. आपल्या आजोबांच्या काळी गोव्याची वस्ती अशीच रचलेली होती : तळाला पोरे पुष्कळ, मध्ये कर्ती माणसे, वर थोडे म्हातारे. आता तळाचे मडके लहान होत चालले आहे.

२००१ च्या जनगणनेत गोव्यात सहा वर्षांपर्यंतची मुले १ लाख ४५ हजारांच्या वर होती. २०११ साली एकूण वस्ती लाखाने वाढून १४ लाख ५८ हजारांवर गेली; मुले मात्र १ लाख ४५ हजारांच्या खाली उतरली. त्याच साली साठी ओलांडलेले लोक शंभरात ११, म्हणजे दर नऊ माणसांत एक. पुढे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यात एका स्त्रीमागे सरासरी १.३ मुले आढळली. आईबापांची जागा भरून निघायला २.१ लागतात.

कारणे वाईट नाहीत. लसी आल्या, बाळे जगू लागली, मुली शिकल्या, लग्ने उशिरा होऊ लागली. तेव्हा जास्त मुले होऊ द्या, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही.

या आकड्यांत एक मेख आहे. बाहेरच्या राज्यांतून इथे कामाला येणारे बहुतेक तरुण. ते गोव्याच्या मोजणीत येतात. आपली मुले आखातात, बोटीवर, इंग्लंडात. ती येत नाहीत. म्हणजे आपल्या वाड्यावरची उतरंड सरकारी आकड्यापेक्षा अधिक उलटी असणार. बाप्तिस्म्याची वही आणि मयतांची वही शेजारी ठेवली की मला तेच दिसते.

जपानात शेतकऱ्याचे सरासरी वय पासष्टीच्या पुढे गेले आहे. आपल्याकडेही लावणीला वाकणाऱ्या पाठी कुणाच्या, ते पाहा. एकट्याने सगळे शेत करण्याचा हट्ट सोडावा. शेजारच्या चार घरांनी मिळून पॉवर टिलर भाड्याने आणावा. काजूचे बोंडू उचलायला टोकाला खिळा लावलेली काठी वापरावी, कंबर वाचते. म्हातारपणी तहान कमी लागते, म्हणून उन्हात तहानेची वाट न पाहता पाणी प्यावे. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याने झटकन उठू नये. ओल्या बांधावर तोल जाऊन मांडीचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो.

आणखी एक. पुष्कळांच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर अजून वारलेल्या आजोबांचेच नाव आहे. आपल्या गोव्याच्या कायद्याने मुलगे-मुली सारेच वारस, आणि अर्धे परदेशी. नाताळाला सगळे घरी येतात. केक कापून झाला की कागदांची पेटी उघडावी, आणि सह्या लागतील त्या ते परत जाण्यापूर्वी करून घ्याव्यात.